मुंबईचा खंडकरी

मोडशी हा शब्द आता घराघरांतून नाहीसा होत चालला आहे. आमची आजी तो सर्रास वापरी. उन्हातून आलेल्या पोराने काही शिळेपाके खाल्ले, ओकाऱ्या सुरू झाल्या, की ती कपाळाला हात लावून म्हणे, "मोडशी झाली गो पोराला!" आणि लगेच चुलीवर तांदळाची पेज चढवी. तीत मिरी ठेचून घाली, चिमूटभर जिरे घाली. असा हा शब्द कोकणातल्या ओसरीवर जन्मला आणि परसातल्या विहिरीपर्यंत जाऊन परत आला, असे कुणालाही वाटावे. पण त्याने समुद्र ओलांडलेला आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात तो आहे. पटकीच्या रोगाचे वर्णन करताना लेखक सांगतो की, ह्या देशीचे लोक ह्याला असे म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज त्याचा अपभ्रंश करून 'मोर्देशी' म्हणतो. इतकेच नव्हे, तर रोग्याला द्यावयाची मिरी-जिऱ्याची पेजही त्याने लिहून ठेवली आहे! पुढे फ्रेंचांनी त्या शब्दाचे आणखी धिंडवडे काढून 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ होईल असे रूप त्याला दिले, तो भाग निराळा.

ह्या पुस्तकाचा कर्ता गार्सिया द ऑर्टा. पेशाने वैद्य, कमाईने व्यापारी, आणि मुंबई बेटाचा खंडकरी. होय वाचकहो, ज्या मुंबईत आज हातभर जागेसाठी माणसे उभे आयुष्य गहाण टाकतात, ते बेट पोर्तुगालच्या राजाने ह्या गृहस्थाला वार्षिक खंडाने लावून दिले होते. आणि हा गृहस्थ, जगाच्या नजरेपासून लपवून, ज्यू होता.

त्याची कथा त्याच्या जन्माआधीच सुरू होते. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना फर्मावले, बाप्तिस्मा घ्या, नाही तर देश सोडा. ऑर्टाचे आईबाप सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आले. पाच वर्षांनी, १४९७ मध्ये, तिथल्या राजानेही ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. आता पळायला पुढे समुद्रच होता. अशा घरात, काश्तेलु द व्हीद नावाच्या डोंगरी गावात, १५०१ च्या सुमारास गार्सिया जन्मला. त्याला कोणी धर्म बदलायला लावला नाही, तो बदललेल्या धर्मातच जन्माला आला. अशा कुटुंबांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत, आणि हे नवेपण तीन पिढ्या गेल्या तरी जुने होत नसे. सालामांका आणि अल्काला येथील विद्यापीठांत तो वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. मग १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिं आफोंसु द सोझा ह्या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून जहाजावर चढला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. दोनच वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालात धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली. वाऱ्याचा वास ज्याला येतो तो शिडे आधीच उभारतो.

तो पुन्हा मायदेशी गेला नाही. गोव्यात त्याने घर केले, बाग लावली, लग्न केले, दोन मुलींचा बाप झाला. गव्हर्नरांना आणि व्हाइसरॉयांना औषधे दिली. घाट चढून अहमदनगरला जाऊन बुऱ्हाण निजामशहाची नाडी पाहिली आणि तिथल्या दरबारातल्या हकिमांशी वाद घातले. पण नुसत्या नाडीवर घर चालत नाही. मसाले, औषधी मुळ्या आणि रत्ने ह्यांचा त्याचा व्यापार होता. त्याच्या पुस्तकात हा व्यापारी पानोपानी डोकावतो. वैद्य विचारतो की हे मूळ कशावर चालते. लगोलग व्यापारी विचारतो की हे येते कुठून, कोणत्या बंदराला उतरते, आणि अस्सल कसे ओळखायचे. हिऱ्याविषयी युरोपातल्या पंडितांची समजूत होती की तो हातोड्याने फुटत नाही आणि त्याची भुकटी पोटात गेली तर माणूस मरतो. ऑर्टा म्हणतो, दोन्ही खोटे. रोज हिरे हाताळणाऱ्या माणसाला हे सांगायला ग्रंथ लागत नाही.

मुंबई बेट त्याच्याकडे आले ते १५५० च्या आसपास. त्याचे गढीवजा घर जिथे होते असे मानतात, ती जागा आज एशियाटिकच्या भव्य पायऱ्यांमागे नौदलाच्या आवारात आहे. पुढे १६६५ साली त्याच जागी पोर्तुगिजांनी बेट इंग्रजांच्या हवाली केले. ऑर्टा मात्र बहुतेक काळ गोव्यातच राही, बेटाची व्यवस्था त्याचा कूळदार पाही. ह्या बेटाविषयी त्याने जे लिहिले, त्यात माझ्या मनात घर करून बसली आहे ती आंब्याची गोष्ट. त्याच्या बेटावर एक आंबा होता, तो वर्षातून दोनदा फळे, एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा नाताळाच्या सुमारास. राजाच्या दरबारी ह्या मालमत्तेची जी काय नोंद असेल ती असो. मालकाला कौतुक त्या दुबार फळणाऱ्या झाडाचे.

त्याचे पुस्तक म्हणजे हिंदुस्थानातील औषधी व द्रव्ये ह्यांविषयीचे संवाद. कर्त्याने ते विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता पोर्तुगीजमध्ये लिहिले, म्हणजे इथल्या लोकांना ते वाचता यावे. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. पोर्तुगालचा महाकवी कामोइश तेव्हा गोव्यात होता; त्याची छापली गेलेली पहिली कविता ह्याच पुस्तकाच्या आरंभी आहे. आपल्या परसातली किती मंडळी ह्या पुस्तकात भेटतात! आंबा, फणस, भिरंड, धोतरा, भांग. आपली निगडी, म्हणजे निर्गुंडी, तिथे 'नेगुंदो' होऊन बसली आणि त्याच नावाने पुढे वनस्पतिशास्त्रात गेली. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही त्यात येतो. ऑर्टा त्याचे म्हणणे ऐकून घेतो, आणि देशी वैद्यांचा उपाय कुठे सरस ठरतो हे सांगायला कचरत नाही.

हिंगाची गोष्ट तर दिवाळीच्या फराळाबरोबर सांगण्यासारखी आहे. विजयनगरच्या राजाला एका पोर्तुगिजाने घोडा विकायला आणला. घोडा देखणा, पण त्याच्या पोटात वारा धरे, म्हणून राजा घेईना. पोर्तुगिजाने त्याला हिंग चारून बरे केले. राजाने घोडा घेतला आणि विचारले, कशाने बरा केलास? हिंगाने, म्हणताच राजा म्हणाला, मग नवल काय, तू त्याला देवांचे अन्न चारलेस! त्यावर तो पोर्तुगीज हळूच, राजाला कळू नये म्हणून आपल्या भाषेत पुटपुटला की, देवांचे कसले, सैतानाचे म्हणा.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात, आणि हसावेच. पण मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माझे लक्ष त्या पुटपुटण्याकडे जाते. जे मोठ्याने बोलता येत नाही ते माणूस हळूच, आपल्या भाषेत बोलतो. ही गोष्ट लिहिणाऱ्याला हे किती आतून ठाऊक असेल!

पुस्तकाची रचनाच पाहा. त्यात दोन माणसे बोलत बसतात. एक स्वतः ऑर्टा आणि दुसरा रुआनो नावाचा पाहुणा, स्पेनच्या विद्यापीठातून ताजा आलेला. रुआनो हे पात्र ऑर्टाने कल्पनेने निर्माण केले आहे. पाहुणा ग्रीक आचार्यांची वचने पुढे करतो, आणि यजमान म्हणतो, मी डोळ्यांनी पाहिले आहे ते असे आहे. एके ठिकाणी तो अशा अर्थाचे बोलतो की, स्पेनमध्ये असतो तर गेलनच्या विरुद्ध ब्र काढायची माझी छाती झाली नसती. आम्हा कादंबरीकारांना ही युक्ती परिचयाची आहे. लेखक स्वतःचे दोन तुकडे करतो आणि त्यांना समोरासमोर बसवतो. पण ऑर्टाचा तिसरा तुकडा त्या बैठकीत कधीच आला नाही. कैरोकडचे ज्यू व्यापारी त्याच्या पुस्तकात येतात, त्यांच्याकडून ऐकलेल्या हकीकती येतात. तो त्यांचा उल्लेख अगदी परक्यासारखा करतो. हिऱ्याविषयी खरे, हिंगाविषयी खरे, आचार्यांच्या चुकांविषयी खरे. असा हा खऱ्याचा भोक्ता स्वतःच्या शनिवाराविषयी मात्र गप्प राहिला.

शनिवार हा शब्द मी मुद्दाम वापरला. चौल बंदर, म्हणजे आपल्या रेवदंड्याचा परिसर, ऑर्टाच्या चांगला परिचयाचा. त्याच अलिबाग-रेवदंड्याकडच्या खेड्यांतून तेलाचे घाणे चालवणारी एक जमात राहत आली आहे. ती शनिवारी घाण्याला बैल जुंपत नसे, म्हणून गावाने तिला 'शनिवार तेली' असे नाव दिले. हे आपले बेने इस्राएल. नवगावच्या किनाऱ्याला आपल्या पूर्वजांचे तारू फुटले, ही कथा ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. मराठी बोलणारी, नऊवारी नेसणारी माणसे. गावाने त्यांना कधी विचारले नाही की तुमचा घाणा शनिवारी का बंद. विचारले असेल तर एवढेच की, मग तेल रविवारी मिळेल ना? एकीकडे हा तेली आठवड्याचा एक दिवस उघड्या अंगणात निवांत बसतो. आणि दुसरीकडे सालामांकाला शिकलेला, राजांच्या नाड्या पाहणारा, बेटाचा धनी असलेला माणूस तोच दिवस दार लावून पाळतो. मी कादंबरी लिहिली तर ह्या दोघांना चौलच्या बाजारात एकदा भेटवीन. तेल्याने तेल मापून द्यावे, ऑर्टाने त्याला विचारावे, "उद्या दुकान उघडे आहे का?" आणि तेल्याने सहज म्हणावे, "उद्या शनिवार." पुढचे संभाषण मला सुचत नाही. बहुधा काही बोलणे व्हायचेच नाही.

हा माणूस मला इतका जवळचा का वाटतो, त्याचे कारण सांगतो. माझे वडील गिरणीत काम करायला मुंबईला आले. खोली भाड्याने देणारा पहिला प्रश्न विचारी, "आडनाव काय?" आडनाव ऐकले की खोली नुकतीच गेलेली असे. तीन ठिकाणी असे झाल्यावर चौथ्या ठिकाणी वडिलांनी गावाच्या नावापुढे 'कर' लावून सांगितले. खोली मिळाली. तो 'कर' पुढे रेशनकार्डावर आला, शाळेच्या दाखल्यावर आला आणि माझ्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही आला. जुने आडनाव वर्षातून एकदाच, कुलदैवताच्या दारात उच्चारले जाई. गुरव विचारी आणि वडील खालच्या आवाजात सांगत. परतीच्या एस.टी.त ते आम्हा भावंडांना बजावीत, "हे चाळीत बोलायचं नाही." त्यांच्या आवाजात मला भीती कधी जाणवली नाही. जाणवला तो थकवा. रोज दाराला कडी आहे ना, हे उठून पाहणाऱ्या माणसाचा थकवा.

पण नुसती कणव करून भागणार नाही. ऑर्टा हा गोव्यात जेत्यांच्या बाजूने आला होता. ज्या दर्यासारंगाचा तो वैद्य, त्याच्या तलवारीने हा किनारा पुष्कळ सोसला. ऑर्टाच्या घरी दासी होत्या. पुस्तकातली अंतोनिया हाक मारताच पाने नि फळे आणून पुढे ठेवते आणि पुन्हा गप्प होते. मुंबईचा खंड राजाला तो भरी, पण तो उगवत होता बेटावरच्या कुणब्यांच्या भातात, भंडाऱ्यांच्या माडांत, कोळ्यांच्या जाळ्यात. दुसऱ्याच्या भूमीवर तो धनी होता आणि आपल्या माणसांत चोरटा. वसाहत ही गोष्टच अशी, की तिथे एकच माणूस एका दाराशी मालक असतो आणि दुसऱ्या दाराशी शिकार.

शिकारी यायला फार वेळ लागला नाही. १५४९ च्या सुमारास त्याची आई आणि बहिणी लिस्बनच्या धर्मन्यायसभेच्या तावडीतून सुटून गोव्याला त्याच्याकडे आल्या. सगळे कुटुंब पुन्हा एका छपराखाली जमले. आणि १५६० साली तीच सभा गोव्यात येऊन दाखल झाली. ज्या वाऱ्याला चुकवून तो सहा महिने समुद्र कापीत आला होता, तो वारा सव्वीस वर्षांनी त्याच्या अंगणात उतरला. तीन वर्षांनी, म्हणजे ह्या सभेच्या सावलीत, त्याने आपले पुस्तक छापले. १५६८ मध्ये तो अंथरुणावर मरण पावला. राजमान्य वैद्य म्हणून सन्मानाने पुरला गेला.

पुढच्याच वर्षी, १५६९ च्या ऑक्टोबरात, त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. नातलगांच्या जबान्यांतून बाहेर आले की, गेलेला वैद्यही मनातून मोशेचाच धर्म खरा मानीत होता. मेलेल्याला शिक्षा कशी द्यायची? सभेने त्याचीही तोड काढली. १५८० च्या डिसेंबरात, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्याची हाडे उकरून काढली आणि ती जाळली.

पुस्तक मात्र कुणाला जाळता आले नाही. १५६७ मध्येच क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप छापला होता, आणि मोडशीपासून निगडीपर्यंत सगळी मंडळी युरोपभर फिरत होती. गोव्याची ती सभा १८१२ मध्ये कायमची बंद झाली. पोर्तुगालने ऑर्टाला आपला थोर शास्त्रज्ञ म्हणून डोक्यावर घेतले, पणजीतल्या बागेला त्याचे नाव दिले. पण त्याच्या घराण्याची ही हकीकत दप्तरात झाकलेलीच होती. ती १९३४ साली एका पोर्तुगीज संशोधकाने उजेडात आणली. तोवर त्याचे चरित्रही लिहून झाले होते, आणि त्यात ही चिता नव्हती. १९७१ मध्ये पोर्तुगालने आपल्या वीस एश्कुदोंच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. ज्या राज्यात त्याच्या हाडांना जमिनीत जागा नव्हती, त्या राज्याने त्याला प्रत्येकाच्या खिशात जागा दिली!

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी ही सगळी हकीकत सांगितली. इतिहासाच्या पुस्तकात ती नाही. पण पावसाचा दिवस होता, निम्मा वर्ग गैरहजर होता, म्हणून सांगितली. संपल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, म्हणजे तो आयुष्यभर खोटं बोलला?" शिक्षकाने 'नेहमी खरे बोलावे' असे फळ्यावर सुविचार म्हणून लिहायचे आणि नंतर अशी गोष्ट सांगायची, म्हणजे हा प्रश्न येणारच. मी उत्तर जुळवीत होतो, तोच मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. एरवी ही मुलगी हजेरीलाही जेमतेम ऐकू येईल असे 'हजर' म्हणते. ती म्हणाली, "सर, पण त्यांना विचारायचं काय कारण होतं?"

वर्ग गप्प झाला. मीही झालो. चारशे-साडेचारशे वर्षांत ऑर्टाविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. तो खरा ख्रिस्ती होता की खरा ज्यू, शूर होता की सावध, ह्याचा खल केला आहे. सगळे प्रश्न उत्तर देणाऱ्याला विचारलेले. विचारणाऱ्याला प्रश्न विचारला तो ह्या पोरीने. १९८९ मध्ये पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष मारियु सोआरिश ह्यांनी काश्तेलु द व्हीद येथे, म्हणजे ऑर्टाच्याच जन्मगावी उभे राहून, ज्यूंवर झालेल्या छळाबद्दल क्षमा मागितली. एका देशाला तिथवर यायला इतकी शतके लागली. तिला पावसाळी दुपारचा एक तास पुरला.

मी त्या मुलीचे आडनाव कधी विचारलेले नाही. ते हजेरीपटात आहेच. पण त्या दिवसापासून मी हजेरी घेताना आडनावे गाळून नुसती नावे वाचतो. त्याने जग बदलत नाही, हे मला कळते. मात्र ती आता 'हजर' जरा मोठ्याने म्हणते.